कुणी, कुणाला, कितीने आणि कसे हरवले?

२०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडचा संघ तीन कसोटी खेळायला भारतात आला आणि तिन्ही जिंकून गेला. तीन किंवा त्याहून अधिक कसोटींच्या मालिकेत मायदेशात सगळेच सामने गमावण्याची भारतावर ती पहिलीच वेळ. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याला 'व्हाइटवॉश' म्हटले आणि मराठीतही तोच शब्द रुळलेला आहे. मालिकेपुरता तो चोख आहे. पण आता एकेक सामना पाहा. बंगळुरूत भारताचा पहिला डाव ४६ धावांत आटोपला; दुसऱ्या डावात भारताने ४६२ धावा केल्या, तरी न्यूझीलंडने ८ गडी राखून सामना जिंकला. पुण्यात मिचेल सँटनरने फिरकीवर १३ बळी घेतले आणि भारत ११३ धावांनी हरला. मुंबईत वानखेडेवर लक्ष्य फक्त १४७ धावांचे होते. २९ वर ५ गडी गेल्यावर ऋषभ पंतने ६४ धावा करून सामना जवळजवळ खेचून आणला होता, तरी डाव १२१ वर संपला. त्या सामन्यात ११ बळी घेणारा एजाझ पटेल जन्माने मुंबईकर.

या तीन सामन्यांवर इंग्रजीत एकेक वाक्य लिहायला बसलात, तर तिन्ही ठिकाणी एकच क्रियापद चालेल का? चालेल, 'बीट' चालेल, कारण तो शब्द कुठेही चालतो. पण त्यातून वाचकाला सामना दिसणार नाही. बंगळुरूतल्या भारताच्या पहिल्या डावासाठी 'स्किटल्ड फॉर फॉर्टी-सिक्स' हा शब्दप्रयोग आहे. स्किटल्स म्हणजे चेंडूने आडवे पाडायचे लाकडी खुंट. ते जसे धडाधड पडतात तसे फलंदाज पडले. पुण्यासाठी 'आउटप्लेड', किंवा फिरकीचाच मुद्दा असेल तर 'आउटस्पन'. मुंबईसाठी 'एज्ड आउट' किंवा 'हेल्ड देअर नर्व्ह टु बीट इंडिया', म्हणजे डोके थंड ठेवून जिंकले. मुंबईच्या सामन्याला कुणी 'थ्रॅश्ड' लिहिले, तर व्याकरण बिनचूक असूनही वाक्य खोटे ठरते.

इंग्रजी शब्दकोशात 'हरवणे' या अर्थाचे तीस-चाळीस शब्द सहज सापडतात. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी स्पर्धेचा वृत्तान्त लिहिणारे विद्यार्थी, मंडळाच्या सामन्यांचा इंग्रजी अहवाल लिहिणारे कार्यकर्ते, क्रीडा पानावर नव्याने काम करू लागलेले वार्ताहर ते शब्द आळीपाळीने वापरतात, पुनरुक्ती नको म्हणून. माझा आग्रह उलटा आहे. आधी धावफलक वाचा आणि मगच शब्द उचला. हरलेल्या संघानेही तो सामना तितकीच मेहनत करून खेळलेला असतो. त्याच्याबद्दल खोटे लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आधी व्याकरणाची बाजू पक्की करा

मराठीत आपण सामना जिंकतो, करंडक जिंकतो, कुणाचे मनही जिंकतो. पण समोरच्या संघाला आपण हरवतो, नमवतो, त्याच्यावर मात करतो. इंग्रजीतही वाटणी अगदी अशीच आहे. 'विन' हे क्रियापद सामन्यासाठी किंवा बक्षिसासाठी, 'बीट' हे माणसासाठी किंवा संघासाठी. त्यामुळे 'वुई वन द मॅच' बरोबर, 'वुई बीट देम' बरोबर, आणि 'वुई वन देम' चूक. 'विन' आणि माणूस एकत्र आणायचेच असतील तर मध्ये 'अगेन्स्ट' घाला. 'वुई वन देम ओव्हर' हे मात्र वेगळेच. त्याचा अर्थ आपण त्यांना आपल्या बाजूला वळवले, त्यांचे मन जिंकले.

दुसरी चूक 'कडून' या शब्दयोगी अव्ययामुळे होते. 'आम्ही कोल्हापूरकडून हरलो' हे वाक्य मनात घोळत असताना इंग्रजीत 'वुई लॉस्ट फ्रॉम कोल्हापूर' कधी बाहेर पडते ते कळतही नाही. तिथे 'टू' हवे: 'वुई लॉस्ट टू कोल्हापूर'. किती फरकाने हरलो हे सांगायला 'बाय' येते: 'वुई लॉस्ट टू कोल्हापूर बाय टू पॉइंट्स'. एकाच वाक्यात प्रतिस्पर्ध्यासाठी 'टू' आणि फरकासाठी 'बाय', एवढे हाताला बसले की निम्मे काम झाले. लिहिताना आणखी एक जपा. हरणे या अर्थाच्या 'लूझ'मध्ये एकच 'ओ' असतो; दोन 'ओ' घातले की तो सैल या अर्थाचा 'लूस' होतो. अनेक अहवालांत संघ हरण्याऐवजी सैल पडलेले दिसतात.

'बीट' या क्रियापदाचे वर्तमानकाळी आणि भूतकाळी रूप एकच. 'बीटन' हे तिसरे रूप कर्मणी प्रयोगात येते: 'वुई वेअर बीटन'. मथळे लिहिणाऱ्यांना हा शब्द आवडतो तो यामुळेही. आखूड आहे आणि काळाची कटकट नाही. मात्र एक निवड करावी लागते. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत संघ म्हणजे अकरा माणसे, म्हणून क्रियापद अनेकवचनी: 'इंडिया बीट ऑस्ट्रेलिया'. अमेरिकी वळणात देश एकवचनी, म्हणून 'इंडिया बीट्स'. भारतीय वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर बहुधा पहिले वळण दिसते. कोणतेही घ्या, पण एका लेखात दोन्ही नकोत.

आणि 'बीट'च्या पुढे चुकूनही 'अप' लावू नका. 'वुई बीट देम अप' याचा अर्थ आम्ही त्यांना बडवले, अंगावर वळ उठेपर्यंत मारले. कबड्डीच्या सामन्यानंतर असे वाक्य अहवालात गेले तर वाचणारा पोलिसांत तक्रार झाली का, असे विचारेल.

क्रिकेटच्या समालोचनात 'बीटन' आणखी एका अर्थाने येतो. चेंडू बॅटची कड न घेता चुकवून गेला की फलंदाज 'बीट' झाला म्हणतात, मराठी समालोचकही सर्रास म्हणतात. तो बाद झालेला नसतो, हरलेलाही नसतो. पुढच्याच चेंडूवर तो चौकार मारू शकतो. उताऱ्यावरचे प्रश्न सोडवताना मुले इथे हमखास फसतात.

'डिफीट' हा शब्द नाम म्हणून वापरताना सर्वांत जास्त सावध राहा. 'इंडियाज डिफीट' म्हणजे भारताचा पराभव, भारत हरला. 'इंडियाज डिफीट ऑफ ऑस्ट्रेलिया' म्हणजे भारताने केलेला ऑस्ट्रेलियाचा पराभव, भारत जिंकला. एका 'ऑफ'ने निकाल फिरतो. मराठीत 'चा' आणि 'ने केलेला' यांतला फरक आपल्याला उपजत कळतो. इंग्रजीत तो जाणीवपूर्वक सांभाळावा लागतो. शंका वाटली तर नाम टाळा आणि क्रियापद वापरा. 'इंडिया डिफीटेड ऑस्ट्रेलिया' या वाक्यात गोंधळाला जागाच नाही. 'डिफीट' हा 'बीट'पेक्षा एक पायरी औपचारिक आहे. लढाईचा इतिहास, निवडणुकीचा निकाल, सभागृहात फेटाळला गेलेला ठराव, अशा ठिकाणी तो शोभतो. गल्लीतल्या कॅरमच्या डावाला तो जड होतो.

फरक किती होता?

मराठी क्रीडा पानांनी गेल्या कित्येक वर्षांत विजयाची एक उत्तम उतरंड तयार केली आहे. निसटता विजय, मात, पराभव, नमवले, लोळवले, धूळ चारली, धुव्वा उडवला. तुमच्या कानाला ही उतरंड पाठ आहे, तेव्हा इंग्रजीची उतरंड तिच्याशेजारी ठेवून शिका. निसटत्या विजयाला 'एज', 'एज पास्ट', 'स्क्विझ पास्ट', 'स्क्रेप थ्रू'. शर्यतीत अगदी अंतिम रेषेवर कुणी पुढे गेला तर 'पिप्ड अ‍ॅट द पोस्ट'. साध्या, निर्विवाद विजयाला 'बीट', 'डिफीट', 'गेट द बेटर ऑफ', 'सी ऑफ'. यातल्या 'सी ऑफ'ने गोंधळू नका. स्टेशनवर पाहुण्यांना निरोप द्यायला जातो तोच हा शब्द, पण खेळात त्याचा अर्थ समोरून आलेले आव्हान परतवून लावणे. धुव्व्याला 'थ्रॅश', 'ट्राउन्स', 'हॅमर', 'ड्रब', 'राउट'. शेवटच्या शब्दाचा उच्चार 'राउट' आहे. 'रूट' म्हटले की तो बसचा मार्ग होतो.

धुव्व्याचे शब्द कधी वापरायचे याला सूत्र नाही, पण नमुने आहेत. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीने उपान्त्य सामन्यात ब्राझीलला त्यांच्याच देशात ७-१ असे हरवले. मध्यंतरालाच गुणफलक ५-० होता. तिथे 'राउट' लिहिताना हात थरथरायचे कारण नाही. २०२३ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात श्रीलंकेचा डाव ५० धावांत संपला, मोहम्मद सिराजने २१ धावांत ६ बळी घेतले आणि भारताने २६३ चेंडू शिल्लक ठेवून १० गडी राखून विजय मिळवला. तिथेही तेच.

पण नुसत्या '१० गडी राखून' या शब्दांवर विसंबू नका. गडी किती राखले हे फलंदाज किती उरले एवढेच सांगते, सामना किती जवळ आला होता ते सांगत नाही. वीस षटकांच्या सामन्यात शेवटच्या चेंडूवर, ७ गडी हातात असताना, विजयी धाव निघाली तर तो सामना श्वास रोखून धरायला लावणारा असतो. तिथे गडी मोजून 'थ्रॅश्ड' लिहिणाऱ्याने शिल्लक चेंडू पाहिलेले नसतात. बॅडमिंटनमध्ये असाच सापळा 'स्ट्रेट गेम्स' या शब्दांत आहे. २१-१९, २१-१९ असा सामनाही सरळ दोन गेममध्येच संपतो, पण तो सोपा मुळीच नसतो. उलट टेनिसमध्ये ६-० असा सेट गेला तर त्याला बोलीभाषेत 'बेगल' म्हणतात. मध्ये भोक असलेल्या गोल पावाचे ते नाव, शून्याच्या आकारावरून आलेले. स्टेफी ग्राफने १९८८ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात नताशा झ्वेरेवाला ६-०, ६-० असे हरवले, २०२५ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात इगा श्वियाँतेकने अमांडा अनिसिमोवाला त्याच गुणांनी हरवले. दोन्ही 'डबल बेगल'. हा शब्द टेनिसपुरताच ठेवा, आणि शाळेच्या अहवालात तोही नको.

'ह्युमिलिएट' या शब्दाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: टाळा. 'थ्रॅश' सामन्याबद्दल सांगतो, 'ह्युमिलिएट' हरलेल्यांच्या अब्रूबद्दल. त्यांना काय वाटले ते आपण ठरवू नये.

अपेक्षा काय होती?

फरक आणि अपेक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इंग्रजीत त्यांना वेगळे शब्द आहेत. २५ जून १९८३ ला लॉर्ड्सवर भारताने १८३ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजला १४० वर रोखले. ४३ धावांचा फरक. साठ षटकांच्या सामन्यात हा फरक निसटता नाही आणि धुव्वाही नाही. मग त्या विजयाचे वर्णन कशाने होईल? 'अपसेट'ने, 'स्टन'ने. वेस्ट इंडीजने १९७५ आणि १९७९ चे दोन्ही विश्वचषक जिंकलेले होते. भारत जिंकेल असे सामन्याआधी फार थोड्यांना वाटले असेल. याच भारताने त्याच स्पर्धेच्या गटात वेस्ट इंडीजला ३४ धावांनी हरवले होते ही गोष्ट खरी, पण अंतिम सामन्याच्या सकाळी तिची आठवण किती जणांना होती?

'अपसेट' हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला अशी एक लाडकी गोष्ट सांगितली जाते. अमेरिकेत १९१९ मध्ये 'मॅन ओ वॉर' हा गाजलेला घोडा आयुष्यात एकदाच हरला आणि त्याला हरवणाऱ्या घोड्याचे नावच 'अपसेट' होते. शर्यत खरी, घोडा खरा, पण शब्द त्याआधीपासून या अर्थाने वापरात होता. गोष्ट सांगा, पण शब्दाचा उगम म्हणून सांगू नका.

या शब्दाचे अलीकडचे सर्वांत चोख उदाहरण कुस्तीतले आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ६ ऑगस्ट २०२४ ला विनेश फोगाटने ५० किलो गटाच्या पहिल्याच फेरीत जपानच्या युई सुसाकीला ३-२ असे हरवले. सुसाकी टोकियोची सुवर्णविजेती, परदेशी प्रतिस्पर्धीकडून तोवर कधीही न हरलेली. फरक एका गुणाचा, म्हणून 'एज्ड'. अपेक्षेच्या संपूर्ण विरुद्ध, म्हणून 'स्टन्ड'. एकाच लढतीला दोन्ही शब्द लागू. दुसऱ्या दिवशी अंतिम लढतीपूर्वी वजन शंभर ग्रॅम जास्त भरले आणि विनेशला अपात्र ठरवण्यात आले. तिथे 'लॉस्ट' हा शब्द कुणी वापरू नये. ती अंतिम लढत हरली नाही, तिला ती खेळू दिली गेली नाही. इंग्रजीत 'डिस्क्वालिफाइड' एवढेच बरोबर. या एका शब्दाच्या निवडीत त्या मुलीला न्याय आहे.

न खेळता मिळालेल्या विजयांचे शब्दही नीट वेगळे ठेवा. स्पर्धेत त्या फेरीत प्रतिस्पर्धीच नसेल तर 'बाय', मराठीत पुढे चाल. प्रतिस्पर्धी होता पण आला नाही तर 'वॉकओव्हर'. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतलाच: मैदानात एकच घोडा उरला की त्याने नुसते चालत अंतर पूर्ण केले तरी तो विजेता. खेळायला आला, मध्येच दुखापतीने थांबला तर टेनिसमध्ये 'रिटायर्ड'. या तिन्ही ठिकाणी 'बीट' शक्यतो नको.

आणि 'बीट' कुठे अडखळतो याचे सर्वांत मोठे उदाहरण २०१९ च्या विश्वचषकाचे आहे. इंग्लंड-न्यूझीलंड अंतिम सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली, आणि मारलेल्या चौकार-षटकारांच्या संख्येवर इंग्लंडला विजेता ठरवले गेले. 'इंग्लंड वन द वर्ल्ड कप' हे वाक्य निखळ खरे आहे. 'इंग्लंड बीट न्यूझीलंड' लिहिताना मात्र न्यूझीलंड नेमके कुठे हरले, ते सांगता येत नाही.

कशाच्या जोरावर?

'आउट' हा उपसर्ग इंग्रजीने फार हुशारीने वापरला आहे. 'आउटरन' म्हणजे धावण्यात मागे टाकले, 'आउटविट' म्हणजे बुद्धीने मात केली, 'आउटलास्ट' म्हणजे दमछाकीत टिकून राहून हरवले, 'आउटक्लास' म्हणजे दर्जातच मोठा फरक दिसला. लिलावात जास्त बोली लावून मागे टाकले तर 'आउटबिड', मतदानात संख्येने हरवले तर 'आउटव्होट'. सर्व मिळून मराठीतल्या 'वरचढ ठरला'च्या जवळ जातात, फक्त कशात वरचढ ते त्याच शब्दात सांगतात. पाच सेटचा, चार-चार तास चाललेला टेनिस सामना असेल तर 'आउटलास्टेड' हा एक शब्द अख्ख्या परिच्छेदाचे काम करतो.

मागे पडून जिंकलेल्यांसाठी 'केम फ्रॉम बिहाइंड' आणि 'टर्न्ड द टेबल्स' आहेत. दुसऱ्यातल्या 'टेबल्स'चा जेवणाच्या टेबलाशी संबंध नाही. सोंगट्यांच्या पटावरच्या जुन्या खेळांना ते नाव होते. पट फिरवला की समोरच्याची बाजू आपली. आपण डाव उलटवला म्हणतो, ती कल्पना हीच. अ‍ॅडलेडला २०२०च्या डिसेंबरमध्ये भारत ३६ धावांत बाद झाला आणि कसोटी ८ गड्यांनी हरला. त्याच मालिकेच्या शेवटी १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनच्या गॅबावर ३२८ धावांचे लक्ष्य ३ गडी राखून गाठून भारताने मालिका २-१ अशी जिंकली. ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर १९८८ पासून कसोटी हरले नव्हते. 'टर्न्ड द टेबल्स' हा प्रयोग अशा प्रसंगासाठी राखून ठेवावा. पहिल्या मिनिटाला एक गोल खाऊन सामना २-१ जिंकणाऱ्या संघाला 'केम फ्रॉम बिहाइंड' पुरेसे आहे.

बुद्धिबळातला 'चेकमेट' आपल्या घरचाच आहे. फारसीतल्या 'शाह मात'वरून तो युरोपात गेला, आणि आपल्याकडे 'शह', 'काटशह', 'मात करणे' होऊन रुळला. म्हणजे मराठी माणूस क्रिकेटमधल्या विजयाला 'मात केली' म्हणतो तेव्हा तो नकळत बुद्धिबळाचीच भाषा बोलत असतो. इंग्रजीत मात्र 'चेकमेट' जपून वापरा. जाणत्या खेळाडूंचे डाव बहुधा मातेपर्यंत जात नाहीत. हार दिसू लागली की खेळाडू आधीच डाव सोडतो, त्याला 'रिझाइन' म्हणतात. नोकरीचा राजीनामा आणि हा शब्द एकच. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे कोनेरू हम्पीविरुद्ध महिला विश्वचषकाची अंतिम लढत जिंकली. अभिजात पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते, निकाल जलद टायब्रेकमध्ये लागला. इथे 'बीट हम्पी ऑन टायब्रेक' असे लिहायचे. 'ऑन टायब्रेक' गाळले तर हम्पीने दोन दिवस दिलेली झुंज गळून जाते.

घोड्यांच्या शर्यतींनी इंग्रजीला दिलेले प्रयोग मोजावे तेवढे थोडे. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाणाऱ्या मुंबईकराला ते वेगळे सांगायला नकोत. बरोबरीने धावणारे 'नेक अँड नेक', नाकाच्या अंतराने जिंकलेला 'बाय अ नोज', छायाचित्र पाहून ठरवावा लागलेला निकाल 'फोटो फिनिश'. 'वन हँड्स डाउन' म्हणजे इतका पुढे की जॉकीने लगाम सैल सोडून हात खाली घेतले तरी चालेल. आपण डाव्या हाताचा मळ म्हणतो तेव्हा हेच सांगत असतो. 'डार्क हॉर्स' हा विजयाचा शब्द नाही, विजयाआधीचा आहे: ज्याच्या क्षमतेची कुणाला कल्पना नाही असा स्पर्धक. जिंकल्यावर तो 'डार्क' उरत नाही.

मुष्टियुद्धातले 'नॉकआउट', 'ऑन द रोप्स', 'थ्रू इन द टॉवेल' हे तुम्हाला ठाऊक असतीलच. शेवटचा हार मानण्याचा आहे. प्रशिक्षक टॉवेल फेकतो आणि लढत थांबते. कुस्तीत पाठ टेकवून मिळालेला विजय 'बाय फॉल'. चितपट, अस्मान दाखवले, चारीमुंड्या चीत या आपल्या शब्दांची लय इंग्रजीत येत नाही, आणि ती आणायचा अट्टहासही करू नये.

इतिहासातले प्रयोग वापरताना मोजमाप सांभाळा. 'मेट हिज वॉटर्लू' हा १८ जून १८१५ च्या लढाईवरून आलेला. नेपोलियन तिथे कायमचा संपला. मराठीत 'पानिपत झाले' म्हणतो त्याच्या तो जवळ आहे, पण एक फरक आहे: पानिपतात पिढीच्या पिढी कापली गेली, वॉटर्लू मुख्यतः एका माणसाची अखेर सांगतो. वॉटर्लूला जिंकणारा वेलिंग्टन त्याआधी १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांशी लढला होता, तेव्हा तो आर्थर वेलस्ली होता. 'पिरिक व्हिक्टरी' हा इपायरसचा राजा पिरस याच्यावरून. ख्रिस्तपूर्व २८० आणि २७९ मध्ये त्याने रोमनांना दोन लढायांत हरवले, पण स्वतःचे सैन्य इतके गमावले की विजयाचा उपयोग उरला नाही. 'गड आला पण सिंह गेला' त्याच्याशेजारी ठेवता येते, मात्र तिथे दुःख एका तानाजीचे आहे आणि गड हाती राहिलेला आहे. सामना जिंकला आणि एका गोलंदाजाचा स्नायू दुखावला, एवढ्याला 'पिरिक' म्हणू नका.

निवडणुकीत शब्द बदलतात. विद्यमान खासदाराला पाडले तर 'अनसीटेड'. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी काँग्रेसचे बलाढ्य नेते स. का. पाटील यांना पाडले आणि 'जायंट किलर' हे बिरुद त्यांना कायमचे चिकटले. तेव्हापासून मराठी पत्रकारितेत हा शब्द मुक्कामाला आहे, पण हल्ली तो नवख्या उमेदवाराने कुणालाही पाडले तरी वापरतात. हरणारा खरोखर 'जायंट' असेल तरच वापरा. लाटेवरच्या मोठ्या विजयाला 'लँडस्लाइड', बिनविरोध निवडीला 'अनअपोज्ड'. वैध मतांच्या सहाव्या हिश्शाहून अधिक मते मिळाली नाहीत की अनामत जप्त होते; इंग्रजीत 'लॉस्ट हिज डिपॉझिट'. हा साधा तपशील आहे, थट्टा नव्हे.

वादविवादात एक जोडी लक्षात ठेवा. 'रिबट' म्हणजे मुद्द्याला उत्तर दिले. 'रिफ्यूट' म्हणजे मुद्दा चुकीचा आहे हे सिद्ध केले. नुसते 'नाही, खोटे आहे' म्हटले तर ते 'डिनाय', त्याने प्रतिपक्ष हरत नाही. वक्तृत्व स्पर्धेच्या अहवालात तिन्ही एकाच अर्थाने येतात, ते थांबायला हवे.

बोलताना मुले 'वुई किल्ड देम', 'डिस्ट्रॉइड देम' म्हणतात. मैदानाबाहेर, मित्रांत, चालते. छापील मजकुरात नको, आणि भारत-पाकिस्तान सामन्याबद्दल तर मुळीच नको. तिथे खेळाडू खेळायला गेलेले असतात.

सराव करायचा असेल तर नवी मुंबईचा सामना घ्या. २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी २९८ धावा केल्या, दक्षिण आफ्रिकेला २४६ वर बाद केले आणि ५२ धावांनी पहिलावहिला विश्वचषक जिंकला. त्याआधी उपान्त्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांच्या जोरावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचे लक्ष्य ५ गडी राखून गाठले होते. दोन्ही सामन्यांना एकेक इंग्रजी वाक्य लिहा. फरक पाहा, अपेक्षा पाहा, विजय कुणाच्या खेळीवर उभा आहे ते पाहा. उपान्त्य सामन्याला 'स्टन्ड' आणि अंतिम सामन्याला 'बीट' असे मी लिहीन. तुमचे उत्तर वेगळे असू शकते, मात्र धावफलकातून त्याचे कारण देता आले पाहिजे. मग तेच दोन सामने हरलेल्यांच्या बाजूने लिहा: 'लॉस्ट टू', 'वेंट डाउन टू', 'फेल शॉर्ट बाय फिफ्टी-टू रन्स'.